गोल्फचा कोर्स रचताना आधी पाण्याची वाट शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातील बरीच तरुण मंडळी हल्ली संगणकावर किंवा कन्सोलवर गोल्फ खेळतात. प्रत्यक्ष मैदानावर पाय ठेवलेले त्यांत थोडेच. तरीही या खेळांतील कोर्स एडिटर, म्हणजे अठरा होलचे मैदान स्वतः रचण्याची सोय (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा), अनेकांना खेळापेक्षाही जास्त गुंतवून ठेवते. 'पीजीए टूर 2के' मालिकेत ही सोय आहे, तिच्या आधीच्या 'द गोल्फ क्लब'मध्ये ती 2014 पासून होती. 'जीएसप्रो' या सिम्युलेटरसाठीचे कोर्स तर युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनात बांधले जातात. सोय उत्तम आहे, वेळ देणारेही पुष्कळ आहेत, पण तयार होणाऱ्या कोर्सेसमध्ये एक दोष वारंवार दिसतो. मैदान सजवलेले असते, जमीन वाचलेली नसते. त्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत. ज्यांना हा विषय पोरखेळ वाटतो, त्यांनी पुढचे पत्र वाचावे.

दोषाचे मूळ एवढेच की एडिटरमध्ये माती फुकट असते. ब्रश फिरवला की टेकडी उठते, दुसऱ्यांदा फिरवला की तळे होते. त्यामुळे नवखा रचनाकार पहिला होल आखतो, त्याच्यासाठी लागेल तशी जमीन खालीवर करतो, मग दुसरा होल, मग तिसरा. अठरा होल झाल्यावर प्रत्येक होलभोवती एक वेगळीच दुनिया तयार झालेली असते आणि दोन होलांच्या मधली जमीन कुठल्याच नियमाने वागत नाही. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कोर्स खोटा वाटतो.

म्हणून पहिल्या बैठकीत एकही होल आखू नये. मोठ्यात मोठ्या ब्रशने, कमीत कमी जोर ठेवून, फक्त जमीन घडवावी. एक मुख्य धार, तिच्यातून उतरणाऱ्या दोन-तीन सोंडा आणि सोंडांच्या मधल्या घळ्या, एवढे पुरे. मग प्रत्येक घळीच्या माथ्यावर कर्सर ठेवून पाणी कुठे जाईल ते पाहत खाली यावे. वाटेत एकदाही चढ लागता कामा नये. लागला, तर तिथे तळे साचेल किंवा घळ फुटून दुसरीकडे वळेल, आणि या दोन्हींपैकी एक गोष्ट जमिनीवर दिसली पाहिजे. आपल्या वाचकांना पाणलोट वेगळा समजावून सांगायची गरज नाही. एकट्या खानापूर तालुक्यातून मलप्रभा कणकुंबीहून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. त्या पाण्यावरून तीन राज्ये भांडत आली आहेत. ज्या धारेमुळे हे होते, तशी एक धार आपल्या कोर्समध्ये ठरवून ठेवली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तळी सखल भागातच येतात, ओढे एकमेकांना मिळतात, आणि टेकडीच्या खांद्यावर लटकलेले ते निळेशार तळे, जे निम्म्या कोर्सेसमध्ये हमखास असते, सुचतही नाही.

आपल्याच भागातली खरी जमीन वापरायची असेल तर दोन वाटा आहेत. कन्सोलवरच्या एडिटरमध्ये उंचीचा नकाशा आत घेण्याची सोय सहसा नसते. तिथे सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा शेजारी ठेवून समोच्च रेषा पाहत हाताने उठाव द्यावा लागतो. या नकाशावर 1 सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर, त्यामुळे अख्खा कोर्स चार सेंटीमीटरच्या चौकोनात बसतो. युनिटीसारख्या ठिकाणी मात्र हाइटमॅप थेट आत घेता येतो. त्यासाठी फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेला एसआरटीएमचा डेटा किंवा आपल्या कार्टोसॅट उपग्रहावरून तयार झालेला, भुवन संकेतस्थळावरचा डेटा मिळतो. दोन्ही साधारण 30 मीटरच्या चौकटीचे.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, डेटा अक्षांश-रेखांशांतच ठेवून चौरस समजणे. बेळगावच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी आखूड असतो, त्यामुळे जमीन पूर्व-पश्चिम तेवढी ताणली जाते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी यूटीएम झोन 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत रूपांतर करावे, मग कापावे. दुसरी चूक, 8 बिटची करडी प्रतिमा काढणे. 8 बिटांत फक्त 256 पायऱ्या असतात. चढउतार 300 मीटरचा असेल तर प्रत्येक पायरी 1 मीटरहून उंच होते आणि डोंगरउतारावर शेतीचे बांध घातल्यासारखे दिसू लागते. 16 बिटांत तीच पायरी अर्ध्या सेंटीमीटरवर येते. तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. रडारला दाट झाडीत झाडांचे शेंडे दिसतात, पायथा नेहमीच नाही. कणकुंबी, भीमगडकडच्या रानात जी टेकाडे डेटात दिसतात त्यांतली काही म्हणजे नुसती झाडे. तिथे हलका स्मूद ब्रश फिरवावा.

हे सगळे नीट केले तरी 30 मीटरची चौकट म्हणजे एका ग्रीनएवढा (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीएवढा) एकच ठिपका, हे विसरू नये. अमेरिकेत अनेक ठिकाणी 1 मीटरचा लायडार (लेसरने उंची मोजलेला) डेटा खुला आहे, म्हणून तिथल्या कोर्सेसच्या हुबेहूब प्रती निघतात आणि बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडादेखील जमिनीतूनच येतात. आपल्याला डोंगराची ठेवण मिळते, बाकी सारे हातानेच घडवावे लागते. आमच्या मते हे नुकसान नाही. नक्कल करता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो.

जमीन झाली की होल नव्हे, ग्रीनच्या जागा शोधाव्यात. सोंडेचा सपाट शेंडा, घळीच्या पलीकडचा टप्पा, टेकडीच्या कुशीतला खोलगट भाग अशा वीस-पंचवीस जागांवर खुणा कराव्यात आणि मग त्या जोडत जावे. पहिला आणि दहावा होल क्लबहाऊसपासून निघावा, नववा आणि अठरावा तिथेच परत यावा. पार म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या. पार 72 ची नेहमीची विभागणी चार पार 3, चार पार 5 आणि दहा पार 4 अशी असते. ती पाळलीच पाहिजे असे नाही, पण चारही पार 3 एकाच दिशेला तोंड करून असता कामा नयेत. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. खेळात तीच मुख्य दिशा ठेवली, तर एक पार 3 वाऱ्यासमोर, एक वाऱ्यासोबत आणि दोन आडव्या वाऱ्यात येतील असे पाहावे. मग चारही होल 170 यार्डांचे असले तरी वेगवेगळे क्लब (काठ्या) हातात येतात. पहिला होल सरळ पूर्वेकडे आणि अठरावा सरळ पश्चिमेकडे नसावा हा प्रत्यक्षातला जुना नियम आहे, सूर्य डोळ्यांत येतो म्हणून. पडद्यावर सूर्य डोळ्यांत जात नाही, पण सावल्या मात्र तशाच पडतात आणि उतार वाचता येत नाहीत.

खेळात चालावे लागत नाही, म्हणून ग्रीनपासून पुढची टी (पहिला फटका मारण्याची जागा) अर्धा किलोमीटर दूर ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. 40 ते 70 मीटरच्या आत पुढची टी असली, की ग्रीनवरून पुढचा होल दिसतो आणि कोर्स सलग वाटतो.

आता ग्रीन. सर्वांत जास्त कोर्स इथेच बिघडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते. उतार डोळ्याला दिसेल इतका दिला जातो. डोळ्याला सहज दिसणारा उतार म्हणजे 5-6 टक्के, आणि तेवढ्यावर वेगवान ग्रीनवर चेंडू जेमतेमच थांबतो.

ग्रीनचा वेग स्टिंपमध्ये मोजतात. एडवर्ड स्टिंपसन यांनी 1935 मध्ये सुचवलेले हे साधन म्हणजे खाचेची 36 इंची पट्टी. ती हळूहळू उचलायची, सुमारे 20 अंशांवर चेंडू खाचेतून सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तो वेग. चेंडू सुटताना त्याची गती सेकंदाला साधारण 6 फूट असते, त्यावरून ढोबळ हिशेब मांडता येतो. वेग 12 असेल तर सपाटीवर 12 फूट जाणारा चेंडू 2 टक्के उतारावर सुमारे 17 फूट जातो, 3 टक्क्यांवर 22 फुटांच्या आसपास, आणि साडेसहा टक्क्यांच्या पुढे थांबायचे नावच घेत नाही. वेग 9 केला तर 3 टक्क्यांवर तो सुमारे 14 फुटांत थांबतो आणि साडेआठ टक्क्यांपर्यंत कसाबसा टिकतो. म्हणजे उतार आणि वेग हे दोन वेगळे आकडे नाहीत, एकच निर्णय आहे. ज्यांना लाटांसारखी, जुन्या स्कॉटिश मैदानांसारखी ग्रीन हवी त्यांनी वेग 9 च्या आसपास ठेवावा आणि 'स्लो ग्रीन' म्हणून हिणवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. ज्यांना 12-13 चा वेग हवाच आहे त्यांनी पिनच्या (झेंडा लावलेल्या खळग्याच्या) जागा 1 ते 2 टक्क्यांत बसवाव्यात.

हे एडिटरमध्ये मोजायचे कसे? 30 मीटर खोल आणि 22 मीटर रुंद लंबवर्तुळाकार ग्रीन सुमारे 520 चौरस मीटरचे होते, म्हणजे नेहमीच्या आकाराचे. त्याला मागून पुढे 2 टक्के उतार म्हणजे मागची कड पुढच्या कडेपेक्षा फक्त 60 सेंटीमीटर उंच. ब्रशचा एक जोरकस फटकारा याहून जास्त माती उचलतो, म्हणून जोर कमीत कमीवर ठेवून, आधी पूर्ण ग्रीन एकाच कलत्या पातळीत आणावे आणि मगच उंचवटे घालावेत. दोन मजली ग्रीन करायचे तर मधली पायरी 45 ते 60 सेंटीमीटर पुरते, पण वरचा आणि खालचा मजला प्रत्येकी निदान 8-10 मीटर खोल हवा, नाहीतर पिन ठेवायला जागा उरत नाही. पाणी एकाच ठिकाणाहून बाहेर काढू नये. दोन-तीन बाजूंना वाहिले तर ग्रीन जिवंत दिसते आणि पुढच्या कडेवर सगळा निचरा साचल्यासारखा खड्डा दिसत नाही.

पिनसाठी साधा नियम आहे. कडेपासून चार पावले आत आणि खळग्याभोवती दोन-तीन फुटांच्या वर्तुळात उतार बदलता कामा नये. चार पिन असतील तर चारही जागांवर, वरच्या बाजूने तीन फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारा फटका) हलका मारून बघावा. चेंडू चुकून पुढे सहा फुटांहून जास्त गेला, तर ती जागा रद्द. प्रकाशित झालेल्या कोर्सेसवर येणाऱ्या शिव्या मुख्यतः एखाद्याच पिनमुळे असतात आणि रचनाकाराने ती पिन कधी खेळलेलीच नसते.

ग्रीनची कडही महत्त्वाची. स्प्लाइनने, म्हणजे वक्र रेषेने, ग्रीन आखल्यावर कडेला जमिनीचा तीक्ष्ण कोन राहतो आणि चेंडू त्यावर आदळून भलतीकडे उडतो. खेळाचे भौतिकशास्त्र बिचारे बरोबर असते, चुकीचा असतो तो कोपरा. मोठ्या त्रिज्येचा, कमी जोराचा स्मूद ब्रश कडेवरून अर्धा आत, अर्धा बाहेर असा फिरवावा.

फेअरवेबद्दल, म्हणजे टी ते ग्रीन कापलेल्या गवताच्या पट्ट्याबद्दल, आमचे मत अनेकांना रुचणार नाही. फेअरवे अरुंद करून कोर्स अवघड होत नाही, कंटाळवाणा होतो. 25 यार्डांच्या पट्टीत एकच मार्ग असतो, तिथे फक्त हात स्थिर आहे का एवढेच तपासले जाते. 50-55 यार्ड रुंदी द्यावी, पण ग्रीन अशा कोनात ठेवावे की एका बाजूने ते उघडे आणि दुसऱ्या बाजूने बंकरच्या आड दिसेल. मग ज्या बाजूने ग्रीन उघडे, त्या बाजूला फेअरवेवर बंकरांची तिरकी रांग घालावी, पहिला 235 यार्डांवर, दुसरा 255, तिसरा 275. सावध खेळणारा रुंद बाजूला सुखाने जातो आणि दुसऱ्या फटक्याला अडचणीत येतो. धाडस करणारा आपल्या अंगच्या ताकदीप्रमाणे रांगेतली जागा निवडतो. अख्ख्या कोर्सवर असे सहा-सात होल असले तरी पुष्कळ. फेअरवेचा आडवा उतार 8 टक्क्यांच्या वर गेला तर मात्र कडक जमिनीवर चेंडू टिकत नाही आणि ही सगळी मेहनत वाया जाते.

बंकर ताटासारखे सपाट काढण्याची सवय मोडली पाहिजे. फेअरवेवरचा 60 ते 80 सेंटीमीटर, ग्रीनजवळचा 1 ते दीड मीटर खोल असावा. तळ कडेपासून दूर, खेळाडूच्या बाजूला कलता ठेवावा, म्हणजे चेंडू भिंतीला चिकटून राहत नाही. फेअरवे बंकरची पुढची कड किती उंच ठेवावी याला हिशेब आहे. 7 नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) मारलेला चेंडू सुमारे 16 अंशांनी सुटतो, म्हणजे 4 मीटर पुढे तो जेमतेम 1.1 मीटर वर गेलेला असतो. कड त्याहून उंच केली तर खेळाडूला बाजूला फटका मारण्यापलीकडे पर्याय राहत नाही. एखाद्या बंकरला तशी शिक्षा असू द्यावी, साऱ्यांना नको. आणि बंकर घळीच्या तळाशी नको. पावसात तो भरणार हे पाहणाऱ्याला कळते, पडद्यावर पाऊस नसला तरी.

प्रसिद्ध होलांच्या नकलांबद्दल दोन शब्द. फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रासचा सतरावा, बेटावरच्या ग्रीनचा होल, प्रत्येकाला हवा असतो. पण रचनाकार पीट डाय यांच्या त्या कोर्सवर ते बेट जमिनीच्या गरजेतून आले. त्या जागी चांगली वाळू लागली, ती बाकी कोर्ससाठी उपसत गेले, मोठा खड्डा पडला आणि ग्रीन पाण्यात ठेवण्याची कल्पना त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी सुचवली. आपल्या जांभ्याच्या माळावर असे बेट उगवण्याचे काही कारण नाही. त्याऐवजी स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलचा, रेडानचा, अभ्यास करावा. तिथे ग्रीन खेळण्याच्या रेषेला तिरके असते, पुढच्या उजव्या कोपऱ्याकडून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरते आणि डावीकडे पुढे खोल बंकर असतो. चेंडू उजवीकडे टाकून उतारावर सोडून द्यायचा. जांबोटीच्या बाजूला आडव्या उताराचे जे टप्पे दिसतात, त्यांवर हा होल माती फारशी न हलवता बसतो. गोकाकच्या धबधब्यासारख्या कड्यावरून खाली मारण्याचा पार 3 अनेकांच्या डोक्यात असतो. तो कडा 52 मीटरचा, म्हणजे सुमारे 57 यार्ड. जितके यार्ड खाली तितके यार्ड कमी या ढोबळ नियमाने 160 यार्डांचा होल शंभराच्या जवळपास खेळला जाईल, तेव्हा अंतर त्या हिशेबाने ठरवावे आणि खालचे ग्रीन नेहमीपेक्षा मोठे ठेवावे. असा होल कोर्समध्ये एकच असावा.

झाडे शेवटी लावावीत. आधी लावली तर जमीन हलवताना त्यांच्याभोवती काम करावे लागते आणि दगड, कुंपणे अधांतरी राहतात. एडिटरच्या यादीत साग, ऐन, किंजळ किंवा करवंदीची जाळी सापडणार नाही. नावाकडे न पाहता आकार पाहावा, डेरेदार झाड वडा-आंब्याच्या जागी, सरळसोट झाड निलगिरीच्या जागी. खानापूरकडचा कोर्स असेल तर दाट झाडी आणि तांबडी माती, अथणी-रायबागकडचा असेल तर काळी माती, विरळ बाभळी आणि कोरडे ओढे. दोन्ही एकाच कोर्समध्ये मिसळू नयेत. वस्तूंच्या मर्यादेचा मीटर निम्म्यावर आला की थांबून, टीवरून आणि फेअरवेवरून कधीच न दिसणारी झाडे काढून टाकावीत.

प्रकाशित करण्याआधी मागच्या आणि पुढच्या दोन्ही टीवरून, जोराच्या वाऱ्यात, एकदा कडक आणि एकदा मऊ जमिनीवर पूर्ण फेरी खेळावी. पुढच्या टी नुसत्या पुढे सरकवू नयेत, कोनही बदलावा, आणि तिथून ओढा ओलांडायला शंभर यार्डांहून लांब फटका लागू नये. वर्णनाच्या चौकटीत निसर्गाची स्तुती लिहिण्याऐवजी ग्रीनचा वेग, वाऱ्याची दिशा आणि कोणत्या टीवरून कोणी खेळावे एवढे लिहावे. वेग 9 धरून रचलेला कोर्स कोणी 13 वर खेळला तर दोष त्याचा नसतो, न लिहिणाऱ्याचा असतो.

आपल्या पुरवणीत या विषयाला जागा मिळाल्यास ग्रीनच्या उताराचे तक्ते आणि हाइटमॅप तयार करण्याच्या पायऱ्या चित्रांसह देण्याची आमची तयारी आहे.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही कोर्स रचनाकार